स्वातंत्र्यदिन आणि खंडकऱ्याचा सातबारा

15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, पुढाऱ्यांची भाषणं उरकली की दिवस संपला, असं गावोगावी चालतं. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरच्या परिसरात मात्र या दिवसाचा अर्थ सातबाऱ्यावर शोधावा लागतो.

शेठ वालचंद हिराचंद यांनी इंग्रजांच्या जहाज कंपन्यांना तोंड देत 1919 साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला धाडली. 1940 मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. त्यांची ही स्वदेशीची कामगिरी कोणी नाकारणार नाही. इथल्या माळावर उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा राहिला तोही त्यांच्याच हातून. पण त्या मळ्यांत कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या होत्या.

हिशेब साधा होता. कालव्याचं पाणी आलं तरी उसाला लागणारं भांडवल लहान शेतकऱ्यापाशी नव्हतं. मग जमीन लांब मुदतीने कारखान्याला द्यायची अन् वर्षाला ठरलेला खंड घ्यायचा. मालकी आपलीच राहील, हा भरवसा.

स्वातंत्र्यानंतर 'कसेल त्याची जमीन' हे धोरण आलं. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला राज्यातली कुळं मालक झाली. इथं मात्र सगळंच उलटं. कूळ म्हणजे कंपनी आणि मालक म्हणजे चार-दोन एकरांचा शेतकरी! पुढं 1961 चा कमाल जमीन धारणा कायदा आला आणि 26 जानेवारी 1962 ला, म्हणजे ऐन प्रजासत्ताक दिनी, लागू झाला. कारखान्यांकडची जादा जमीन सरकारजमा झाली, त्यात खंडाचीही गेली. ती कसायला 1963 मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे मळे महामंडळाकडे आले. इंग्रज गेला, कंपनीचा ताबा गेला, तरी मूळ मालक बांधावरच उभा. कायदा गरिबाच्या बाजूने केला होता हे खरं, पण या गरिबाची आठवण कायदा करताना कुणाला झाली नाही.

मोर्चे, निवेदनं, कोर्टकचेऱ्या यांत पिढी खपली. अखेर 2012 मध्ये खंडकऱ्यांना कमाल मर्यादेत जमिनी परत द्यायला सुरुवात झाली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर 65 वर्षांनी. त्यातही परत मिळालेल्या जमिनीवर भोगवटादार वर्ग 2 चा शिक्का बसला. विकायची किंवा नावावर करून द्यायची तर परवानगी लागायची. तो शिक्का काढून वर्ग 1 करा, ही मागणी पुन्हा करावी लागली.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना एवढंच सांगणं, की यंदा झेंडावंदनानंतर मंडळी जमलेलीच असतात, तिथंच चावडीवाचन घ्या. मूळ खंडकरी बहुतेक गेले. कुणाच्या वारसनोंदी राहिल्यात, कुणाच्या फेरफारात नाव चुकलंय, हे चारचौघांत वाचून दाखवा. ज्यांच्या घरी जुनं खंडपत्र पेटीत पडलंय त्यांनी ते सोबत आणावं.