एकशे पंचाहत्तरांच्या सभागृहात आपले चौदा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या एका मुलाने मध्यंतरी आम्हाला विचारले, "काका, बाबासाहेब मुंबईच्या असेंब्लीत होते, तर खोतीचे बिल पास का झाले नाही?" प्रश्न साधा, पण आम्ही क्षणभर गप्प झालो. जयंतीच्या भाषणांत आम्ही बिल मांडल्याचे सांगतो, त्याचे पुढे काय झाले ते सांगत नाही. घरी येऊन बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा दुसरा खंड काढला, आणि कारकुनाच्या सवयीने आधी आकडे मांडले.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला १७५ जागांची असेंब्ली मिळाली. अस्पृश्यांसाठी राखीव जागा १५. कामगारांना ७ आणि व्यापारी-उद्योगपतींनाही ७! गिरणीत राबणारे लाखो आणि पेढीवर बसणारे मूठभर, पण सभागृहात दोघांचे वजन सारखे. शिवाय मत सर्वांना नव्हते. सारा, भाडे, शिक्षण अशा अटींत बसेल त्यालाच. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणी त्या यादीत असतील, याचा विचार घरोघरी करून पाहावा.

बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळ मतदारसंघातून उभे होते आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचाच.

या यशात मतदानाच्या पद्धतीचाही वाटा होता. एका मतदारसंघातून अनेक उमेदवार निवडायचे असत आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत. मुंबई प्रांतात ही सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. समजा जागा चार आणि आपले मतदार एक हजार. प्रत्येकाने चारही मते आपल्याच माणसाला दिली, तर त्याच्या पेटीत चार हजार पडतात. मते वाटून द्यावी लागली असती तर हजारावरच गाडे थांबले असते. पक्षाच्या १४ जणांत दादासाहेब गायकवाड होते, तसेच श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हे सवर्ण सहकारीही होते. चित्रे आणि टिपणीस तर १९२७ च्या महाडपासूनचे सोबती.

काँग्रेसचे ८६ आले. बहुमताला दोन कमी, तरी सर्वांत मोठा पक्ष तोच. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे बिल मांडले. कोकणातल्या कुळाने नांगरायचे, पेरायचे आणि पीक खोताच्या अंगणात नेऊन टाकायचे, वर वेठ वेगळीच. ही पद्धत मोडायची होती. पण सरकारच्या मर्जीशिवाय खासगी सभासदाचे बिल पुढे सरकत नाही. म्हणून जानेवारी १९३८ मध्ये सुमारे वीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. त्यांत महार होते, कुणबीही होते. मुख्यमंत्र्यांनी शिष्टमंडळाची भेट घेतली. बिल मात्र होते तिथेच राहिले.

त्याच महिन्यात लोकल बोर्डाच्या दुरुस्ती बिलात अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणावे असे आले. आपल्या सभासदांनी सांगितले, हे नाव आम्हाला नको. मते मोजली गेली, आपण हरलो, आणि पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. ज्यांचे नाव ठरवायचे त्यांचेच ऐकायचे नाही, हा कारभार आम्हाला आजही समजत नाही.

सप्टेंबर १९३८ मध्ये संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह बिल आले. बाबासाहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला, तरी ते पास झाले. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कामगारांत कम्युनिस्ट आणि मजूर पक्ष तेव्हा खांद्याला खांदा लावून उभे होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरचा अंमल आला आणि निवडून आलेली असेंब्ली पुन्हा भरली ती १९४६ च्या निवडणुकीनंतरच.

हे सगळे आम्ही त्या मुलाला पुढच्या रविवारी सांगितले. त्याने वहीत १७५, ८६, १४ असे एकाखाली एक लिहून घेतले. मग विचारले, "पण खोती गेली ना शेवटी?"

गेली. १९४९ च्या कायद्याने गेली. महार वतनासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली जुन्या कौन्सिलात बिल आणले होते, ती वतने १९५८ च्या कायद्याने गेली.

"मग १९४९ ला सभागृहात आपले किती होते?"

आम्ही त्याला खरे ते सांगितले. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात एकही उमेदवार निवडून आला नव्हता. त्याने चौदाच्या खाली शून्य लिहिले आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला.