रेणूंची पाऊलवाट

आपल्या हैदराबादच्या सालारजंग वस्तुसंग्रहालयातील बेन्झोनीची ‘बुरख्यातील रिबेका’ ज्याने पाहिली, त्याला एक मोह झालाच असेल : तिच्या मुखावरील अवगुंठनाला बोट लावून पाहावे! डोळा म्हणतो, हे तलम वस्त्र. बुद्धी म्हणते, हा संगमरवर. निर्णय स्पर्शानेच व्हावयाचा. विज्ञानाने रेणूंच्या बाबतीत हाच मार्ग धरला.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. लहानसा रेणू मात्र जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाएवढा. तो साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसावा कसा? १९८१ साली झुरिचजवळ बिनिग आणि रोरर यांनी पाहण्याऐवजी चाचपण्याची युक्ती योजिली. अत्यंत अणकुचीदार सुई पृष्ठभागाला न टेकविता अगदी जवळून फिरवावयाची. मधल्या फटीतून विजेचा क्षीण प्रवाह झिरपतो. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढताच तो सुमारे दहापटीने घटतो. अंधाला काठीने वाट कळावी, तसा त्यावरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा कळतो. १९८६ साली या दोघांना नोबेल पारितोषिक लाभले. पुढे पुणे विद्यापीठात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी असे यंत्र येथेच घडविले.

एकच जागा पुनःपुन्हा चाचपली की चित्रमालिका मिळते, आणि कोणता रेणू कोठून कोठे गेला हे उमगते. पुष्कळदा तो अणूंच्या रांगांतील एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात उडी घेतो. तपमान वाढले की उड्या वाढतात. म्हणून धातू अतिशीत करून त्या मोजतात. निरनिराळ्या तपमानांवरील हिशेबावरून, उडीसाठी किती ऊर्जा लागते ते निघते.

परंतु रेणू आपण होऊन हलला, की सुईने ढकलला? ही शंका पोकळ नव्हे. १९८९ साली आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉनचे ३५ अणू सरकवून ‘आयबीएम’ ही अक्षरे रेखिली होती! यासाठी सुई किंचित दूर धरून किंवा विद्युत्‌दाब बदलून तेच निरीक्षण पुन्हा करतात. उड्यांचे प्रमाण कायम राहिले तर सुई निर्दोष. बदलले तर ती पाऊलवाट रेणूची एकट्याची नव्हे.

याच कुळातील, विजेऐवजी सुईवरील बल मोजणाऱ्या यंत्राने २०१० साली जपानमध्ये आंदो व त्यांचे सहकारी यांनी, पेशीत ओझी वाहणारा मायोसिनचा रेणू तंतूवरून सुमारे ३६ नॅनोमीटरची पावले टाकीत चालताना पाहिला.

विद्यार्थिमित्रहो, स्पर्शाने सत्य कळते, हे खरे; पण प्रथम आपल्याच बोटाचा दाब ओळखावा लागतो.