वैयक्तिक सत्याग्रह : बोलण्याच्या हक्काची वर्ध्यातील घडण

शासनाला नको असलेले मत उघडपणे मांडण्याचा नागरिकाचा हक्क कोठपर्यंत पोचतो, हा नागरी स्वातंत्र्याच्या विचारातील एक मूळ प्रश्न आहे. नागरी स्वातंत्र्य म्हणजे बोलणे, लिहिणे, जमणे आणि श्रद्धा बाळगणे यांबाबत राज्यसत्तेच्या हस्तक्षेपापासून व्यक्तीला मिळणारे संरक्षण, आणि या संरक्षणाची खरी किंमत युद्ध किंवा आणीबाणी आली म्हणजेच कळते. हा प्रश्न तत्त्वचर्चेतून उचलून प्रत्यक्ष आचरणाच्या पातळीवर आणणारी एक संस्था १९४० साली वर्धा जिल्ह्यात आकाराला आली. वैयक्तिक सत्याग्रह या नावाने ती ओळखली जाते, आणि स्वातंत्र्यलढ्यातील एक लहान टप्पा म्हणून तिचा उल्लेख होत असला तरी भाषणस्वातंत्र्यासाठी उभारलेली एक शिस्तबद्ध कार्यपद्धती म्हणून तिचा परिचय अधिक उद्बोधक ठरतो.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत दुसऱ्या महायुद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि त्यापाठोपाठ भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियम लागू होऊन युद्धविरोधी प्रचार हा गुन्हा ठरला. सप्टेंबर १९४० च्या अखेरीस महात्मा गांधींनी सिमल्यात व्हाइसरॉयांची भेट घेतली, तेव्हा त्यांची मागणी स्वराज्याची नव्हती. युद्धाला विरोध असणाऱ्याने तो विरोध अहिंसक मार्गाने लोकांसमोर मांडावा, एवढीच मोकळीक त्यांनी मागितली. ब्रिटनमध्ये सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्यांना जितकी सवलत होती तितकीच येथे देण्याची सरकारची तयारी होती, म्हणजे स्वतःचे मत बाळगावे, ते बोलूनही दाखवावे, परंतु इतरांना युद्धकार्यापासून परावृत्त करू नये. गांधींना हा भेद मान्य होण्यासारखा नव्हता, कारण ऐकणाऱ्याचे मन वळवण्याची मुभा नसलेले बोलणे हे स्वातंत्र्याच्या नावाने दिलेले एकांतातील स्वगतच होय.

याच प्रश्नाने अमेरिकेलाही दोन दशके आधी अडवले होते. त्या देशाच्या राज्यघटनेत १७९१ साली झालेली पहिली दुरुस्ती भाषण आणि मुद्रण यांचे स्वातंत्र्य संकुचित करणारा कायदा करण्यास विधिमंडळाला मनाई करते. तरीही पहिल्या महायुद्धात १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली युद्धविरोधी वक्त्यांवर खटले भरले गेले. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना जून १९१८ मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे केलेल्या भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. त्याच महिन्यात शेंक खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी ‘स्पष्ट आणि तात्काळ धोका’ हा निकष मांडला, म्हणजे उच्चारलेल्या शब्दांतून राज्याला रोखण्याचा अधिकार असलेले अनिष्ट उभे राहण्याचा धोका उघड आणि नजीकचा आहे काय, हे पाहण्याची कसोटी. मात्र तिच्या आधारेही सैन्यभरतीविरोधी पत्रके वाटणाऱ्या शेंक यांची शिक्षा टळली नाही. तात्काळ बेकायदा कृत्याला चिथावणी देणारे आणि ते घडवून आणण्याचा संभव असलेले भाषणच दंडनीय, इतके बळकट संरक्षण तेथील नागरिकाला १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालाने मिळाले. घटनेत शब्द लिहिल्यापासून तो शब्द कसाला उतरेपर्यंत दीड शतकाहून अधिक काळ लोटला.

वर्ध्यात क्रम नेमका उलटा होता. येथे आधार घ्यावा असा घटनेचा शब्दच उपलब्ध नव्हता आणि हक्क बजावण्याची रीत आधी निर्माण करावी लागली. १३ ऑक्टोबर १९४० रोजी काँग्रेस कार्यकारिणीच्या वर्धा बैठकीत गांधींनी आपली योजना ठेवली आणि पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे यांची निवड केली. वर्धा शहराजवळ धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा १९३८ पासून राहत होते. तेथेच १७ ऑक्टोबर रोजी त्यांनी युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहाला आरंभ केला, पुढचे दिवस आसपासच्या गावांत भाषणे दिली आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू होते, मात्र त्यांना सत्याग्रह करण्यापूर्वीच पकडण्यात आले. तिसरे ब्रह्मदत्त हे वर्ध्याजवळच्या गांधींच्या सेवाग्राम आश्रमातील कार्यकर्ते होते. विनोबांच्या सत्याग्रहाच्या बातम्यांवर निर्बंध आल्यावर गांधींनी ‘हरिजन’ साप्ताहिकांचे प्रकाशन थांबवले, त्यामुळे बोलण्याच्या हक्काबरोबर छापण्याच्या हक्काचा प्रश्नही त्याच आठवड्यात उघडा पडला.

या संस्थेचे वैशिष्ट्य तिच्या बारीक नियमांत आहे. सत्याग्रहींच्या याद्या प्रांतिक समित्या तयार करीत आणि त्यांना अंतिम संमती सेवाग्रामहून गांधी देत; सूतकताई, खादी आणि विधायक कार्य यांवर निष्ठा नसलेल्याचे नाव गळत असे. निवड झालेल्या व्यक्तीने कोणत्या दिवशी, कोठे आणि कशा रीतीने सत्याग्रह करणार हे जिल्हाधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचे, ठरल्या वेळी ठरलेले युद्धविरोधी वाक्य उच्चारायचे, अटक झाली तर ती शांतपणे स्वीकारायची आणि न झाल्यास गावोगाव तेच सांगत दिल्लीच्या दिशेने चालत राहायचे, अशी ही पद्धत होती. मोठा जमाव टाळल्यामुळे सार्वजनिक शांततेचा भंग झाला, असा आक्षेप घेण्यास सरकारला जागा उरत नव्हती. नाताळच्या काळात चळवळ थांबवण्यात आली, कारण प्रतिपक्षाला त्याच्या सणात गाठणे तिच्या तत्त्वात बसत नव्हते. अशा रीतीने बाकीची सर्व निमित्ते दूर केल्यावर शिक्षेचे एकच कारण शिल्लक राहत असे, ते म्हणजे उच्चारलेले मत. आणि केवळ मतासाठी माणसाला तुरुंगात टाकले जाते, हे सत्य न्यायालयाच्या नोंदीत एकेका नावानिशी चढत गेले. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले होते.

आचरणातून सिद्ध झालेल्या या हक्काला लिखित रूप देण्याचा एक प्रयत्नही वर्ध्यातच झाला. येथील सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ साली स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा प्रसिद्ध केला आणि त्याला गांधींची प्रस्तावना लाभली. ग्रामपंचायतींवर उभ्या असलेल्या या आराखड्यात मूलभूत हक्कांबरोबर मूलभूत कर्तव्येही होती. पुढे संविधान सभेने वेगळा मार्ग धरला आणि १९५० च्या संविधानात अनुच्छेद १९ ने भाषण व अभिव्यक्ती यांच्या स्वातंत्र्याची हमी दिली. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्यावरील निर्बंधांचा परीघ वाढवला, मात्र ते निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अटही घातली. म्हणजे एका देशात ‘पहिली दुरुस्ती’ हे शब्द स्वातंत्र्याच्या हमीचे नाव आहे आणि दुसऱ्या देशात त्याच्या मर्यादेचे.

लिखित हमी मिळाल्यानंतरची परीक्षा पुन्हा पवनारच्याच दारी आली. तेथे १९५९ साली विनोबांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली होती आणि ‘मैत्री’ हे हिंदी मासिक तेथून निघत असे. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली तेव्हा विनोबांचे मौन चालू होते, आणि ‘अनुशासन पर्व’ हे त्यांनी लिहून दाखवलेले शब्द सरकारने आपल्या समर्थनासाठी वापरले. मौन सुटल्यावर त्यांनी स्पष्ट केले की अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. गोहत्याबंदीसाठी विनोबांनी योजलेल्या उपोषणाची वार्ता ‘मैत्री’त आली, तेव्हा १९७६ मध्ये पोलिसांनी त्या अंकाच्या प्रती आश्रमातून जप्त केल्या. ज्या जागी १९४० साली बोलायला आरंभ केलेल्या माणसाला परक्या सत्तेने धरले होते, त्या जागी छापलेल्या शब्दाला स्वकीय सत्तेने धरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत संपादक मिनू मसानी यांच्या नियतकालिकाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने अभ्यवेक्षकाचे, म्हणजे मजकूर छापण्यापूर्वी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे, आदेश रद्द ठरवले होते. सर्व नियतकालिकांना सरकारच्या सुरात बोलायला लावणे हे अभ्यवेक्षणाचे काम नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या अनुभवातून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात एक महत्त्वाचा बदल केला. सशस्त्र बंडाच्या कारणावरून आणीबाणी पुकारली गेली तरी अनुच्छेद १९ आपोआप स्थगित होत नाही. ते संरक्षण मागे सरते ते युद्ध किंवा परकीय आक्रमण यांच्या कारणाने पुकारलेल्या आणीबाणीत, आणि तेव्हाही त्या आणीबाणीशी संबंधित असल्याचा उल्लेख असणाऱ्या कायद्यांपुरतेच. म्हणजे पवनारच्या सत्याग्रहीने १९४० साली जे केले, युद्ध चालू असताना युद्धाविरुद्ध बोलणे, नेमके तेथेच संविधानाची भिंत आजही सर्वात ठेंगणी आहे. त्या जागी नागरिकाजवळ उरते ते वर्ध्यात घडलेले साधन : आपण काय बोलणार हे आधी लिहून कळवणे, ठरल्या वेळी ते बोलणे आणि त्याचे परिणाम स्वतःच्या नावावर घेणे.