गिरणीतील स्त्रियांचा पंडुरोग आणि वालाचे खाचर

बिअरच्या कारखान्यात आंबवण झाल्यावर यीस्टचा गाळ उरतो. त्यात मीठ घातले असता यीस्टच्या पेशी स्वतःच्याच पाचक द्रव्यांनी विरघळतात. तो रस गाळून आटविला की पावावर लावण्याजोगा काळसर, खारट लेप तयार होतो. ‘मार्माइट’ या नावाने तो इंग्लंडात १९०२ पासून तयार होतो.

या परक्या पदार्थाचा ठाणे जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुळतो तो मुंबईतून. १९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या, पुष्कळदा जीवघेण्या पंडुरोगाचे कारण त्या शोधीत होत्या. शोध अखेर आहारापाशी येऊन ठेपला. मार्माइट दिल्याने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलेट होय. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून मिळविण्यात आले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास ‘फॉलिक आम्ल’ हे नाव पडले. ताडीतही यीस्ट असते, म्हणून कोणी ताडीस औषध समजू नये; मद्यार्काने फॉलेटचे शोषण उलट घटते.

मुरबाड-शहापूरकडील शेतकऱ्यास मार्माइटची बरणी शोधण्याचे कारण नाही. सडलेल्या भातात फॉलेट फारच थोडे असते; परंतु भात निघाल्यावर खाचरातील उरल्या ओलीवर येणारा वाल, हरभरा, चवळी यांत ते चांगले असते. मोड आणल्याने ते वाढते, तेव्हा वालाचे बिरडे हे केवळ चवीचे खाणे नव्हे. कडधान्य कल्याणच्या बाजारात नेण्यापूर्वी घरच्या गरोदर स्त्रीचा वाटा बाजूस काढावा. फॉलेट पाण्यात उतरते व फार उष्णतेने नाश पावते. म्हणून पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी आणि ते पाणी ओतून देऊ नये.

मात्र गरोदरपणाची गरज केवळ जेवणाने भागेलच असे नाही. आशा कार्यकर्तीकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या घ्यावयाच्या असतात. त्याआधी पहिल्या तिमाहीत नुसत्या फॉलिक आम्लाची गोळी देतात, कारण गर्भाच्या पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच आकार घेतो. लाल गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह कमी शोषले जाते.