रिलॅक्सर सिरॅमिकमधील संथ ध्रुवीकरण: मापनात वेळ का लिहावी?

बेरियम टायटनेट हा नेहमीचा फेरोइलेक्ट्रिक पदार्थ तुम्हाला माहीत आहे. सुमारे १२०° से. या क्युरी तापमानाखाली त्यात मोठे डोमेन तयार होतात. लेड मॅग्नेशियम नायोबेट, म्हणजे पीएमएन, हा रिलॅक्सर मात्र वेगळा वागतो. त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचे शिखर रुंद असते. १ किलोहर्ट्झला ते साधारण उणे ८° से. जवळ दिसते आणि वारंवारता वाढवली की जास्त तापमानाकडे सरकते.

असे का होते? पीएमएनमध्ये मॅग्नेशियम (+२) आणि नायोबियम (+५) हे आयन एकाच प्रकारच्या जागांवर बसतात, पण त्यांची मांडणी पूर्ण नियमित नसते. त्यामुळे आत जागोजागी वेगवेगळी विद्युत क्षेत्रे निर्माण होतात. मोठ्या डोमेनऐवजी काही नॅनोमीटर आकाराचे ध्रुवीय भाग बनतात. दिशा बदलताना प्रत्येक भागाला ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो आणि हे अडथळे सारखे नसतात.

आता एक सोपा हिशोब करू. भाग एकमेकांवर परिणाम करत नाहीत असे क्षणभर माना. तापमान ३०० केल्विन आणि मूळ काळ १ पिकोसेकंद घ्या. आऱ्हेनियसच्या सूत्रानुसार:

- अडथळा ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट: सुमारे ०.२५ मिलिसेकंद
- अडथळा ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट: सुमारे ०.६ सेकंद
- अडथळा ०.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट: सुमारे २२ मिनिटे

५० हर्ट्झच्या हिस्टेरेसिस लूपचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत संपते. म्हणजे पहिला गट मोजला जातो, उरलेले दोन जवळजवळ सुटतात. तुमचा आकडा चुकीचा नसतो, अपुरा असतो.

प्रत्यक्ष वापरात हे महत्त्वाचे ठरते. हबल दुर्बिणीवर १९९३ मध्ये बसवलेल्या कॅमेऱ्यात आरसे जुळवायला पीएमएनवर आधारित ॲक्च्युएटर होते. अशा उपकरणात व्होल्टेज स्थिर ठेवूनही ध्रुवीकरण हळूहळू वाढत राहिले, तर आरशाची जागाही सरकेल.

म्हणून प्रयोगशाळेत क्षेत्र स्थिर ठेवून १, १०, १०० आणि १००० सेकंदांनी ध्रुवीकरण नोंदवा. गळती प्रवाहाचा भाग वजा करा. आलेखात वेळेचा अक्ष लॉग प्रमाणात घ्या. पुढच्या मापनापूर्वी नमुना क्षेत्राशिवाय तापवून जुना इतिहास पुसा.

स्वाध्याय: ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टसाठी काळ काढा. किती सेकंद थांबावे लागेल?