कुक्कुटमांसातील जीवाणू आणि आजाराच्या जोखमीचे गणित

अन्न शरीराचे पोषण करते. तेच दूषित झाले तर रोगाचे वाहन ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात दूषित अन्नामुळे जगभर सुमारे ६० कोटी लोक आजारी पडले व ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडले. मृतांपैकी सुमारे १ लाख २५ हजार ही पाच वर्षांखालील बालके होती. अशा आजारांना कारणीभूत ठरणाऱ्या जीवाणूंपैकी साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या दोहोंचा कोंबडीच्या मांसाशी निकटचा संबंध आहे.

कोंबडीचे मांस हे उत्तम प्रथिनांचे व तुलनेने स्वस्त साधन असल्यामुळे ते वर्ज्य करणे हा यावरील उपाय नव्हे. कुक्कुटपालन केंद्र, कत्तलखाना, वाहतूक, दुकान आणि स्वयंपाकघर या साखळीत उपलब्ध पैसा व मनुष्यबळ कोठे खर्च केले असता अधिकाधिक आजार टळतील, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जोखमीच्या गणिती प्रतिमानांचा उपयोग केला जातो.

दोन जीवाणू, दोन स्वभाव

हे दोन्ही जीवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतात व बहुधा तिला आजारी पाडत नाहीत. त्यामुळे पक्षी दिसावयास निरोगी असला तरी कत्तलीच्या वेळी आतड्यातील घाण मांसास लागून ते दूषित होऊ शकते. येथपर्यंत दोहोंत साम्य आहे. पुढे मात्र त्यांचे मार्ग वेगळे होतात.

साल्मोनेला सामान्य तापमानातही वाढतो. दर अर्ध्या तासाला त्याची संख्या दुप्पट होते असे धरल्यास, चार तासांत एका जीवाणूचे २५६ जीवाणू होतात. म्हणून शिजवलेले अन्नही तासन्‌तास उघड्यावर ठेवणे धोक्याचे असते. कॅम्पिलोबॅक्टरला वाढीसाठी कोंबडीच्या शरीराइतकी, म्हणजे सुमारे ४२ अंश सेल्सियस उष्णता मानवते. ३० अंशांखाली तो वाढत नाही. परंतु आजार होण्यास त्याची अल्प मात्राही पुरते. अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८०० जीवाणूंच्या मात्रेनेही आजार झाल्याचे आढळले. कच्च्या मांसातून गळणाऱ्या पाण्याच्या थेंबातही इतके जीवाणू असू शकतात.

मूल्यमापनाच्या चार पायऱ्या

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स आयोगाने १९९९ साली अशा मूल्यमापनाची तत्त्वे निश्चित केली. त्यानुसार प्रथम कोणत्या जीवाणूपासून धोका आहे हे ठरवावयाचे. नंतर खाणाऱ्याच्या पोटात त्याची किती मात्रा जाते याचा, केंद्रापासून ताटापर्यंत, अंदाज बांधावयाचा. तिसऱ्या पायरीत अमुक मात्रेने आजार होण्याची शक्यता किती हे पाहावयाचे. शेवटी या सर्वांची सांगड घालून जोखीम सांगावयाची.

तिसऱ्या पायरीमागील कल्पना शेतकऱ्यास सहज समजण्यासारखी आहे. पेरलेल्या प्रत्येक दाण्यास कोंब फुटत नाही; तथापि दाणे जितके अधिक, तितकी एखादा तरी उगवण्याची शक्यता अधिक. त्याचप्रमाणे जठरातील आम्लातून वाचून एखादा जीवाणू आतड्यात ठाण मांडण्याची शक्यता अल्प असते, परंतु संख्येबरोबर ती वाढत जाते. म्हणून मांसात जीवाणू आहेत की नाहीत एवढेच पाहणे पुरेसे नसून ते किती आहेत हे पाहणे अगत्याचे ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १,००० घरांत प्रत्येकी एक कोंबडी आणली. त्यांपैकी पाचांत एक, म्हणजे २०० दूषित निघाल्या. मांस कापलेली विळी वा सुरी न धुता तिनेच कोशिंबिरीची काकडी चिरण्याची चूक दहांत एका घरी होते. अशी घरे २० झाली. या घरांत पाचांत एका ठिकाणी एक व्यक्ती आजारी पडते असे मानल्यास रुग्ण ४ होतील. दूषित कोंबड्यांचे प्रमाण निम्मे केले तर रुग्ण २ होतात. विळी न धुणारी घरेही निम्मी झाली तर १ होतो. प्रत्यक्ष प्रतिमानात एकेका निश्चित आकड्याऐवजी त्याच्या संभाव्य मर्यादा घेतल्या जातात आणि संगणकाकडून हेच गणित हजारो वेळा करवून घेतले जाते. त्यामुळे उत्तराबरोबरच त्यातील अनिश्चितताही स्पष्ट होते.

डेन्मार्क व न्यूझीलंडचा अनुभव

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या कॅम्पिलोबॅक्टरविषयक प्रतिमानात असे आढळले की, मांसावरील जीवाणूंची संख्या शंभरपटीने घटवल्यास कोंबडीमुळे होणारे आजार सुमारे तीसपटीने कमी होतील. तेवढाच परिणाम दूषित कळपांचे प्रमाण किंवा स्वयंपाकघरातील चुका घटवून साधावयाचा तर त्याही सुमारे तीसपट कमी कराव्या लागतील. कत्तलखान्यातील सुधारणेचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

न्यूझीलंडमध्ये हे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगात आले. तेथे २००६ साली कॅम्पिलोबॅक्टरच्या आजाराचे १५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. रुग्णांतील व निरनिराळ्या प्राण्यांतील जीवाणूंच्या जनुकीय प्रकारांची तुलना करणाऱ्या प्रतिमानांनी मनावाटू विभागात निम्म्याहून अधिक आजारांचे मूळ कोंबडीत असल्याचे दाखवले. त्यानंतर शासनाने कत्तलखान्यांत मांसावरील जीवाणूंची नियमित मोजणी व स्वच्छतेच्या सुधारणा यांवर भर दिला आणि २००८ साली संख्येची उद्दिष्टे ठरवून दिली. २००२ ते २००६ या काळात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सरासरी ३५३.८ असलेले रुग्णांचे प्रमाण २००८ मध्ये १६१.५ वर आले. या जीवाणूच्या संसर्गानंतर काही थोड्या रुग्णांत स्नायू लुळे पाडणारा गियाँ-बारे हा विकार उद्‌भवतो. त्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाणही पुढे १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले.

मर्यादा आणि उपयोग

प्रतिमान हे भविष्यकथन नव्हे. त्यात घातलेली माहिती अपुरी असेल तर उत्तरही अपुरेच येणार. जुलाब झालेला प्रत्येक जण दवाखान्यात जात नाही व गेलेल्या प्रत्येकाची तपासणी होत नाही. म्हणून नोंदलेले रुग्ण नेहमीच प्रत्यक्षाहून कमी असतात. शिवाय एका देशाचे प्रतिमान दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही. शीतगृहातून आलेल्या मांसाचे गणित, महाराष्ट्रातील अनेक गावांत ग्राहकासमोर कापून त्याच दिवशी शिजविल्या जाणाऱ्या कोंबडीस लावता येणार नाही. येथे दुकानातील लाकडी ठोकळा, सुरी, हात व धुण्याचे पाणी यांचा विचार प्रथम करावा लागेल. भारताच्या २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातही जोखमीचे मूल्यमापन, व्यवस्थापन व तिची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे या तिन्ही अंगांचा समावेश आहे.

यांपैकी तिसरे अंग गावपातळीवर सर्वांत महत्त्वाचे आहे. पंचायतीने मांसविक्रीच्या जागी स्वच्छ पाणी व सांडपाण्याची सोय पाहावी. शिक्षकांनी वरील उदाहरणाचे गणित वर्गात सोडवून घ्यावे; विद्यार्थ्यांस गुणाकार व आरोग्य यांचा धडा एकाच वेळी मिळेल. घरोघरी सांगावयाच्या गोष्टीही मोजक्याच आहेत. कच्चे मांस नळाच्या धारेखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जीवाणू भांड्यांवर व भाजीवर पसरतात. त्यासाठी वापरलेली विळी, पाट व हात साबणाने धुवावेत. मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सियस तापेल असे शिजवावे आणि उरलेले उघड्यावर ठेवू नये.

रस्सा चांगला उकळला म्हणून कोशिंबीर निर्धोक होत नाही. रोग ज्या वाटेने येतो ती वाट नेमकी कोठे अडवावी, हे दाखवून देणे एवढेच या गणिताचे कार्य आहे. ती अडवण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.