उजवीकडून उघडणारं मासिक

चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगारची गोदामं पाडली गेली, त्याआधीची गोष्ट. रद्दीच्या ढिगात गाड्यांच्या सुट्या भागांचे जुने कॅटलॉग होते आणि त्यातच एक पातळ मासिक, उजवीकडून उघडणारं. वजन करणारा म्हणाला, "राहू द्या साहेब, अरबी आहे. पोथी असेल." आणि पायाखाली यायला नको म्हणून त्यानं ते फळीवर ठेवलं. माणसाची भावना चांगली, पण मजकूर उर्दू होता. मागं वर्गणीचा दर होता आणि अंक मार्चचा, त्यामुळं आत 'फॉर्म ४'चं निवेदनही होतं: मालक, मुद्रक, संपादक. आपल्या कुठल्याही नोंदणीकृत मराठी मासिकात असतं तसंच. मासिक होतं देवबंदच्या दारुल उलूमचं.

मदरशाची मासिकं अरबीत निघतात, हा समज लिपीपायी होतो. देवबंदचा मदरसा 1866 चा. त्याचं 'अल-कासिम' 1910 मध्ये निघालं आणि 'अल-रशीद' 1914 मध्ये, दोन्ही उर्दूत. कासिम नानौतवी आणि रशीद अहमद गंगोही या देवबंदच्याच दोन बुजुर्गांची ही नावं. फळीवरचं 'दारुल उलूम' हे मासिक 1941 पासूनचं, तेही उर्दूच. अरबी नियतकालिकं त्यानंतरची: 'दावतुल हक' 1965 मध्ये, 'अद-दाई' 1976 मध्ये. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला 1979 मध्ये मोठी जामिया उभी राहिली, तिचं 'शाहराहे इल्म'ही उर्दूतलंच.

दुसरा समज असा की मौलवी आणि छापखाना यांचं वाकडं. खरं तर नानौतवी स्वतः दिल्ली-मेरठच्या छापखान्यांत मुद्रितं तपासून पोट भरत. त्या काळची छपाई शिळेवरची. कातिब बोरूनं अख्खं पान कागदावर लिहायचा, त्याचा उलटा ठसा दगडावर उतरायचा. चूक राहिली तर संगसाज थेट दगडावर ती दुरुस्त करायचा, तीही आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांत. उर्दूची नस्तालीक वळणाची अक्षरं तिरपी उतरत जातात, एकमेकांवर चढतात. ती खिळ्यांत नीट बसेनात. म्हणून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संगणकावर नस्तालीक येईपर्यंत ही मासिकं हातानं लिहूनच छापली जात. मराठी मासिकांचे खिळे जुळवणारे आपल्याला ठाऊक आहेत, कातिबाचं नाव मात्र कुणी काढत नाही.

पैशांबद्दल कुजबुज असते, की मदरशांचे हिशोब कुणाला दिसत नाहीत. देवबंदनं मासिक काढण्याच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी छापील 'रुदाद' काढली. रुदाद म्हणजे वार्षिक अहवाल: कुणी किती दिलं, कशावर खर्च झाला. सुरुवातीच्या देणगीदारांत हिंदू नावंही आहेत.

आणि मग सगळ्यात घट्ट बसलेला समज: मदरशाचं मासिक म्हणजे फतवे, आणि सगळ्या मदरशांचा सूर एकच. लखनऊच्या नदवतुल उलेमाची चळवळच मदरशांचा जुना अभ्यासक्रम बदलावा म्हणून उभी राहिली. तिचं 'अन-नदवा' 1904 मध्ये सुरू झालं, संपादक शिबली नोमानी आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी. इतिहास, जुन्या-नव्या विद्यांची तुलना, शिक्षणसुधारणा असे त्याचे विषय. 1905-06 मध्ये तिथं साहाय्यक संपादक म्हणून एक सतरा वर्षांचा मुलगा काही महिने काम करून गेला: अबुल कलाम आझाद. त्यांचं गाजलेलं 'अल-हिलाल' 1912 चं, पण ते कुठल्याही मदरशाचं नव्हे, त्यांचं स्वतःचं. ही गल्लत नेहमी होते. मराठीतलं 'शोधन' साप्ताहिकही असंच मदरशाच्या खात्यावर टाकलं जातं. ते जमाते इस्लामी हिंदच्या विचारधारेतलं आहे.

आझाद पुढं ऑगस्ट 1942 मध्ये आपल्या शेजारच्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत आले. सुरुवातीला बाहेर पत्र धाडायची बंदी होती, तरी ते भल्या पहाटे उठून चहा घेत आणि पत्रं लिहीत बसत. ती 1946 मध्ये 'गुबारे खातिर' या नावानं छापली गेली. सगळी पत्रं एकाच मित्राला लिहिलेली, 'अन-नदवा'च्या जुन्या संपादकाला, शेरवानींना.